डीपीएफ कापायला सांगणाऱ्या मेसेजला माझं उत्तर

परवा रात्री साडेदहाला दाजींचा फोन आला. त्यांचा बीएस सिक्स, म्हणजे प्रदूषणाच्या नव्या नियमांतला ट्रेलर आहे, न्हावा शेवा बंदर ते तळोजा एमआयडीसी कंटेनर मारतात. अशा गाडीच्या सायलेन्सरमध्ये धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो, तो डीपीएफ, आणि साठलेली काजळी तापवून जाळायची, ते रीजन. म्हणाले, अरे डीपीएफचा दिवा तीन आठवडे झाले जात नाहीये, रीजनचं बटण दाबलं तर काहीच होत नाही, ग्रुपवर एक मेसेज आलाय आणि उद्या एकजण कापून द्यायला तयार आहे, कापू का? मी म्हटलं दाजी, गाडीला कुणालाही हात लावू देऊ नका, सकाळी सरळ कळंबोलीला घेऊन या. तोच मेसेज मला या महिन्यात चौथ्यांदा आला म्हणून हे लिहायला बसलोय.

मेसेज थोडक्यात असा. डीपीएफ म्हणजे कंपन्यांनी पैसे काढायला बसवलेली जाळी. रीजनने इंजिन जळतं म्हणून ते बटणाने बंदच ठेवा. डिझेलमध्ये थोडं पेट्रोल टाका, काजळी जळून जाते. नाहीतर फिल्टर खोलून ॲसिड नि प्रेशरचं पाणी मारा. आणि कायमचा इलाज हवा तर कापून आतलं सगळं काढा, परत वेल्ड करा, सॉफ्टवेअर मारून दिवा घालवा, ॲव्हरेज वाढतं.

आधी कापण्याचंच बोलतो, कारण सगळ्यात जास्त नुकसान त्यातच आहे. ती जाळी नाहीये. आत सिरॅमिकचा ठोकळा असतो, मधाच्या पोळ्यासारखा, एक नळी पुढून बंद तर शेजारची मागून बंद, त्यामुळे धुराला भिंतीतून झिरपूनच बाहेर पडावं लागतं आणि काजळी आत अडकते. तो ठोकळा काढला की ती काजळी सरळ हवेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सरवर काम करणाऱ्या संस्थेने, आयएआरसीने, जून २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला पहिल्या गटात टाकलंय, म्हणजे माणसाला कॅन्सर होतो हे सिद्ध झालेल्या गोष्टींच्या गटात, आणि तो कॅन्सर फुफ्फुसाचा. आता बंदराच्या वाटेवर करळ फाट्याजवळ रात्री ट्रेलरची रांग लागते ती आठवा. पुढच्या गाडीचं इंजिन चालू, मागच्या केबिनमध्ये काच खाली करून ड्रायव्हर झोपलेला. सगळ्यांनी कापलं तर तो धूर पहिला आपल्याच माणसांच्या छातीत जाणार. माझी बहीण नि दोन भाचे कळंबोलीत रस्त्याला लागूनच राहतात, मला हे सहन होत नाही.

कायद्याचंही मेसेजमध्ये अवाक्षर नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम १८२अ (४) बघा, परवानगी नसलेला बदल गाडीत केला तर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. कापणारा पैसे घेऊन मोकळा, अडकणार मालक.

आणि कापून मूळ दुखणं जातं का? नाही. टर्बोचा होज फाटलाय, इंजेक्टर जास्त डिझेल मारतोय, ईजीआर, म्हणजे थोडा धूर परत इंजिनात सोडणारा वाल्व्ह, अडकलाय, काहीही असू शकतं, काजळी त्यामुळे वाढत असते. फिल्टर काढला की दिसणारं लक्षण गेलं, बिघाड तसाच, आणि सॉफ्टवेअर मारल्यावर तो सांगणारा दिवाही गेला.

ॲव्हरेजचं मात्र अगदीच खोटं नाही. भरलेला फिल्टर इंजिनला दाबतो, रीजनला डिझेल लागतं, मान्य. पोर्टच्या फेऱ्यांना ही सिस्टीम सोयीची नाही हेही मान्य, कारण घाटात लोड घेऊन चढणाऱ्या गाडीची काजळी चालता चालता जळत राहते, रांगेत आयडलवर उभ्या गाडीचा सायलेन्सर तेवढा तापतच नाही. आणि काही ठिकाणी तपासणी न करता थेट नवा फिल्टर सांगतात, तो राग बरोबर आहे. पण त्यावर उपाय नीट तपासणी हा आहे.

रीजन बंद ठेवायचं म्हणजे तर स्वतःच्या पायावर कुऱ्हाड. साधारण ५५० ते ६५० डिग्री तापमान होतं ते फिल्टरमध्ये, इंजिनमध्ये नाही. बंद ठेवत गेलात की आधी दिवा, मग लुकलुकणारा दिवा, मग गाडीची ताकद कमी, आणि शेवटी इतकी काजळी साठते की स्कॅनरवरूनही, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या मशीनवरूनही, रीजन करू देत नाही, कारण सगळी एकदम पेटली तर ठोकळा तडकतो. पेट्रोल टाकून फिल्टर साफ होत नाही, उलट डिझेलच्या वंगणावर चालणारा हाय प्रेशर पंप खलास होतो. ॲसिडने आतलं कोटिंग जातं. फिल्टर साफ करता येतो, पण भट्टी नि हवेच्या मशीनवर, अंगणात नाही.

आता दाजींची गाडी. सकाळी स्कॅनर लावला तर काजळी जास्त हा कोड होताच, पण खाली दुसरा कोड, कूलंटचं तापमान कमी. तो कुणी वाचलाच नव्हता. इंजिन चालू करून पाच मिनिटांत रेडिएटरच्या वरच्या होजवर हात ठेवला तर होज कोमट. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, मिटलेली असेल तर होज तेव्हा गारच लागायला हवा. पाऊण तासाने कूलंट ५८ डिग्री. हाउसिंग खोललं, आत थर्मोस्टॅटच नाही, नुसतं गॅस्केट. उन्हाळ्यात गाडी तापते म्हणून हायवेवरच्या एका गॅरेजवाल्याने काढून टाकला होता. इंजिन गरम झाल्याशिवाय कंट्रोलर रीजन चालूच करत नाही, मग बटण कितीही दाबा. फिल्टरचा यात काही दोष नव्हता आणि दाजी तोच कापायला निघाले होते!

नवा थर्मोस्टॅट टाकला, कूलंट ८० च्या वर गेलं, गाडी सुकं गवत नसलेल्या मोकळ्या जागेत लावली, न्यूट्रल, हँडब्रेक, बटण. आरपीएम स्वतःहून वर गेला. स्कॅनरवर फिल्टरच्या तोंडाशी २४० चे ३५०, मग ५७० डिग्री. पन्नास मिनिटांनी दिवा गेला. दाजी तोवर डॅशबोर्डसमोरून हलले नाहीत.

एक शंका अजून आहे. काजळी जळते, ऑइलमधल्या ॲडिटिव्हची राख जळत नाही, ती फिल्टरमध्येच बसते, म्हणून बीएस सिक्सला कमी राखेचं ऑइल लागतं. त्या गॅरेजवाल्याने ऑइलही बदललं होतं. कुठलं ते दाजींना आठवत नाहीये, बिल केबिनमध्ये शोधतायत.