प्रमेयं कपाटात राहत नाहीत

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुम्ही म्हणता, अकरा वर्षं कोड लिहितोय, एकही प्रमेय कधी कामी आलं नाही. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) बसून लिहिलेले पेपर कपाटातच राहतात, आणि नोकरी शोधणाऱ्या पोरांना मी उगाच कम्प्युटर सायन्सच्या थिअरीत ढकलतोय.

रात्री दोनला पडलेला सर्व्हर उभा करणं हे मोठं कौशल्य आहे, त्याला मी कधीच कमी लेखणार नाही. शिवाय कॉलेजात थिअरी 'इम्पॉर्टंट क्वेश्चन्स' पाठ करून काढतात, तेव्हा तिचा राग येणारच.

पण कपाटाचं म्हणाल तर दादरला वडापावच्या गाडीवरचा क्यूआर बघा. मधोमध चटणीचा डाग, तरी फोन तो वाचतो. त्यामागे, खराब झालेला भाग उरलेल्या भागावरून भरून काढायची रीत देणारा, रीड आणि सोलोमन या गणितज्ञांचा 1960 चा पाच पानी पेपर आहे.

आता माझं. मशीद बंदरच्या एका गोदामासाठी प्रोग्रॅम लिहीत होतो. दिवसाचा माल कमीत कमी टेम्पोंत बसवायचा, प्रत्येक टेम्पोला वजनाची मर्यादा. बारा खोक्यांवर झकास चालला, चाळीसवर हललाच नाही. तीन आठवडे मी क्वेऱ्या सुधारल्या, कॅश मेमरी लावली, जास्त रॅम मागितली. शेवटी थिअरीत पीएचडी करणारी एक मैत्रीण म्हणाली, "अरे, हे तर बिन पॅकिंग!" ठरावीक मापाच्या कमीत कमी डब्यांत वस्तू बसवायचा हा प्रसिद्ध प्रश्न, आणि तो एनपी-हार्ड. दर वेळी अचूक आणि झटपट उत्तर देणारी पद्धत आजवर कुणालाच सापडलेली नाही, आणि मी ती रॅम वाढवून शोधत होतो.

मग खोकी वजनाच्या उतरत्या क्रमाने लावली आणि प्रत्येक खोकं मावेल त्या पहिल्या टेम्पोत टाकलं. जेमतेम पंधरा ओळींचा कोड. तुम्ही म्हणाल, जड माल आधी हे तर हमालांनाही ठाऊक असतं. खरंय. पण शेठनी विचारलं, "तुमचा हिशोब चुकला तर किती टेम्पो जादा लागतील?" याचं उत्तर टेस्टिंगमधून मिळत नाही, कारण टेस्टिंग कालच्या मालावर होतं आणि उद्या कुठली खोकी येतील ते कुणाला माहीत? संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड जॉन्सन यांनी 1973 मध्ये सिद्ध केलं की या पद्धतीला कमीत कमी शक्य टेम्पोंच्या 11/9 पट आणि वर एक छोटी ठरावीक भर, याहून जास्त टेम्पो लागत नाहीत. पुढे 2007 मध्ये ती भरही अगदी नेमकी ठरली. त्याच जोरावर मी शेठना सांगू शकलो: जिथे 9 टेम्पो पुरले असते, तिथे 11 च्या वर जाणार नाही, माल कसाही येवो.