ग्राफिक्स कार्ड घेतलं आणि घोडं पंख्यापाशी अडलं

ग्राफिक्स कार्ड निवडायला अक्कल लागत नाही, नुसती हौस लागते. आरटीएक्स ४०७० घ्यायचं, जोडीला प्रोसेसर आय-सेव्हन १३७००के, मिटला विषय. तेवढ्यात भाच्याने विचारलं, "मामा, तुझा एसएमपीएस किती वॅटचा आहे?" एसएमपीएस म्हणजे भिंतीतनं वीज घेऊन आतल्या पार्टना वाटणारा डबा. मी म्हणलं असेल की काहीतरी, कॉम्प्युटर चालू होतोय ना रोज? यावर डॉक्टर जसे रिपोर्टवरून नजर न काढता "हं" म्हणतात ना, तसा तो "हं" म्हणाला. माझी झोप तिथनं उडाली.

बाकीच्या पार्टचं कसं सरळ असतं, आकडा मोठा की वस्तू भारी. पण पंखे आणि पॉवर या खात्यात प्रत्येक आकडा शंभर टक्के खरा असतो आणि तरी आपण विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर नसतो. आता प्रोसेसरचंच घ्या. बेस पॉवर १२५ वॅट, वाचून बरं वाटलं, मग खाली बघतो तर मॅक्सिमम टर्बो पॉवर २५३ वॅट. म्हणजे हा एरवी १२५चा सज्जन गृहस्थ, अंगात आलं की थेट २५३, आणि अंगात कधी येणार तर व्हिडिओ रेंडरला, म्हणजे एडिट केलेल्या व्हिडिओची पक्की फाईल बनवायला लावला की, म्हणजे ज्या कामासाठी घेतलाय नेमकं तेव्हाच. कार्डाचे २०० धरा, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी मिळून पन्नास-पाऊणशे, बेरीज गेली सव्वापाचशेच्या आसपास. कार्डवाले म्हणतात ६५०चा एसएमपीएस पुरे. भाचा म्हणतो १०००चा घे, पुढचं कार्ड पण बसेल. (पुढचं कार्ड कोण घेणार आहे हे त्याने सांगितलं नाही.) वडिलांनी मधूनच फक्त "हजार" ऐकलं आणि म्हणाले मीटर पळेल अशाने. त्यांना समजावलं की बाबा, हजारचा असला तरी आतले पार्ट जेवढं मागतील तेवढंच तो देतो, रिकामा बसून हजार खात नाही. त्यावर ते म्हणाले, मग हजारचा घ्यायचा कशाला? आता याला काय उत्तर देणार, बरोबरच आहे की!

मग एसएमपीएसवरचे ते बिल्ले, वीज किती कमी वाया जाते ते सांगणारे. ८० प्लस ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड. ऑलिंपिकमध्ये गोल्डवर विषय संपतो, इथे त्याच्या डोक्यावर प्लॅटिनम आणि त्याच्याही डोक्यावर टायटेनियम. गोल्डचा अर्थ एवढाच की निम्म्या लोडवर भिंतीतनं घेतलेल्या विजेतली साधारण ९० टक्के तो पुढे पोचवतो आणि उरलेल्याची गरम हवा करतो. ४५० वॅट आत पोचवायचे तर भिंतीतनं ५०० घेणार, ५० वॅटची नुसती ऊब. पण आतले कपॅसिटर कसे आहेत, शॉर्ट झालं तर हा आधी स्वतः बंद पडेल की सगळ्यांना घेऊन जाईल, यावर तो बिल्ला एक चकार शब्द काढत नाही. वर आणि कार्ड क्षणभर दुप्पट करंट खेचतं म्हणे, म्हणून २०२२ साली एटीएक्स ३.० नावाचा नियम आला, त्यात सप्लायने १०० मायक्रोसेकंद दुप्पट झटका सोसायचा. मायक्रोसेकंद! मी आयुष्यात एवढ्या छोट्या गोष्टीची काळजी कधी केली नव्हती.

शेवटी ७५०चा गोल्ड. ६५० आणि १०००च्या मधे, म्हणजे दोघंही सारखेच नाराज. फक्त एक अगदी मनापासून सांगतो, जुन्या मॉड्युलर (म्हणजे केबल काढता-घालता येतात अशा) एसएमपीएसच्या केबल नव्याला लावू नका. कॉम्प्युटरकडचं टोक सगळ्यांचं सारखं, पण सप्लायकडच्या टोकाची पिनांची मांडणी ज्याची त्याची वेगळी, प्लग आत अगदी सुखात बसतो आणि मग हार्ड डिस्क जळते. "आहेत की घरात, कशाला वाया घालवायच्या" हा आपला स्वभाव इथे खड्ड्यात घालतो.

खरा कहर म्हणजे प्रोसेसर थंड ठेवणारा कूलर. भाच्याचं मत लिक्विड, ३६० मिलीमीटरचा रेडिएटर, तीन पंखे, पंप, नळ्या. मी म्हणलं विजेच्या वस्तूत आपणहून पाणी सोडायचं? तर म्हणे गळत नाही रे मामा सहसा. हा "सहसा" शब्द माझ्या डोक्यातनं जाईना. त्यात पंप रेडिएटरपेक्षा वर आला तर हवेचे बुडबुडे पंपात जमतात आणि तो कुरकुरायला लागतो. कुरकुर करणारी मंडळी घरात आधीच पुरेशी आहेत.

मग एअर कूलर. नॉक्टुआचा एनएच-डी१५, नावाजलेला, दोन पंखे, रंग असा की लाँच झाल्या दिवसापासून जुना वाटावा. उंची १६५ मिलीमीटर. माझ्या कॅबिनेटच्या, म्हणजे हे सगळे पार्ट ज्यात बसतात त्या डब्याच्या, माहितीपत्रकात लिहिलेलं, कूलरची कमाल उंची १६०. मी बाजूचं झाकण काढून, टॉर्च तोंडात धरून, स्टीलची पट्टी मदरबोर्डवर उभी करून स्वतः मोजलं, मग पट्टी जरा तिरकी करून परत मोजलं, की बाबा काही वाढतंय का. आणि वाढलीच असती तरी पुढच्या पंख्याखाली रॅमला जागा ३२ मिलीमीटर, माझ्या रॅमच्या डोक्यावर दिव्यांचा तुरा, तो त्याच्या कितीतरी वर. पंखा वर सरकवला की उंची आणखी वाढणार. भाचा म्हणाला कॅबिनेटच बदलू. बघा, कार्डापासून निघालेली गाडी कुठे पोचली!

त्याच घराण्यातला धाकटा, एनएच-यू१२एस, १५८ मिलीमीटर, तो बसतो. पण एकाच पंख्याचा कूलर २५३ वॅटची उष्णता झेपवणार नाही, प्रोसेसर १०० डिग्रीला टेकणार आणि स्वतःच वेग कमी करणार. यावर उपाय सापडला तो फुकट होता, बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन प्रोसेसरची पॉवर लिमिट १२५ वर आणून ठेवायची. गेममध्ये फारसा फरक पडत नाही, रेंडर थोडं उशिरा होतं, होऊ दे, मला कुठे गाडी पकडायचीय. एवढ्या याद्या, एवढी भांडणं, आणि इलाज काय तर तीन आकडी एक नंबर टाईप करायचा. भाच्याला हे अजिबात पटलेलं नाही, त्याच्या मते मी वाघ आणून त्याला पोपटाच्या पिंजऱ्यात ठेवलाय.

जोडणीबद्दल जास्त बोलत नाही. फक्त प्रोसेसरची आठ पिनांची पॉवर केबल मदरबोर्डच्या अगदी वरच्या कोपऱ्यात का असते, जिथे कूलर बसवल्यावर दोनच बोटं जातात आणि त्यातल्या एकाचं साल निघतं, हे ज्याने ठरवलं त्याला एकदा भेटायचंय. आणि कूलरच्या बुडाला चिकटवलेली प्लॅस्टिकची फिल्म काढल्याची खात्री मी करून घेतली, भाच्याने करून घेतली आणि प्रोसेसरची उष्णता कूलरला पोचवणारी पेस्ट लावायच्या आधी वडिलांनीही चष्मा लावून करून घेतली.

बटण दाबलं. स्क्रीन आली, सगळं चालू, आणि कार्डाचे पंखे एकदम गप्प. एसएमपीएसचाही पंखा गप्प. वडील म्हणाले, "एवढे पंखे पंखे केलेस, हे फिरत का नाहीत?" गरम झाल्याशिवाय ते फिरतच नाहीत, आजकाल तीच फॅशन आहे, हे सांगितल्यावर ते बराच वेळ कॅबिनेटच्या मागे हात धरून बसले, वारा येतोय का बघत. भाच्याने तोवर पुढच्या कॅबिनेटची लिंक पाठवली होती.