ल्युपस गिळलेल्या रागातून होत नाही

गेल्या आठवड्यात ताईने मला फिरत आलेला एक संदेश पाठवला आणि खाली विचारले, "पोरीच्या स्वभावामुळेच हे झालं का गं?" माझ्या भाचीला वर्षभरापूर्वी ल्युपसचे, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटण्याच्या आजाराचे, निदान झाले आहे. संदेशाचे म्हणणे असे की बायका राग गिळतात, तो सांध्यांत उतरतो, म्हणून ल्युपसचे दहापैकी नऊ रुग्ण बायकाच असतात. गोळ्या सोडून मन मोकळे केले की तीन महिन्यांत रोग जातो, असेही त्यात होते.

दहापैकी नऊ हे प्रमाण खरे आहे, पण त्याचा रागाशी जोडलेला संबंध निराधार आहे. स्त्रीच्या पेशीत दोन एक्स गुणसूत्रे असतात आणि त्यांपैकी एक बंद ठेवण्यासाठी 'झिस्ट' नावाचा आरएनए (पेशीतला एक लांब रेणू) त्याला वेढून बसतो. या आरएनएला अनेक प्रथिने चिकटलेली असतात, आणि ल्युपससारख्या स्वयंप्रतिकार आजारांत शरीर त्यांतल्याच कित्येक प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडे (अँटीबॉडी) तयार करते. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२४ मध्ये 'सेल' या नियतकालिकात मांडलेला प्रयोग तर ताईला मी दोनदा समजावून सांगितला: नर उंदरांच्या पेशींत झिस्ट तयार होईल अशी व्यवस्था करून त्यांना ल्युपससारखा आजार जडवणारे रसायन टोचले, तेव्हा त्यांच्यात आजाराचे प्रमाण माद्यांच्या जवळपास पोहोचले. बदलला होता तो एक रेणू. माणसांतही, एक जादा एक्स घेऊन जन्मलेल्या पुरुषांना ल्युपसचा धोका इतर पुरुषांच्या सुमारे १४ पट असतो. इस्ट्रोजेनचाही यात वाटा आहे.

ताणाचा काहीच संबंध नाही, असे मात्र मला म्हणता येत नाही. तीव्र मानसिक आघातानंतरचे विकार झालेल्यांत पुढे स्वयंप्रतिकार आजार अधिक आढळतात, असे स्वीडनमधील २०१८ च्या मोठ्या अभ्यासात दिसले. पण निदान झालेला विकार वेगळा आणि एखाद्या मुलीचे कमी बोलणे वेगळे.

गोळ्या सोडण्याच्या सल्ल्याने मात्र माझा संयम संपतो. आजार आटोक्यात असलेल्या ४७ रुग्णांवरील कॅनडातील चाचणी १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन हे ल्युपसचे औषध चालू ठेवलेल्या २५ जणांपैकी ९ जणांचा आजार सहा महिन्यांत उसळला. ते काढून औषध नसलेली, दिसायला तशीच गोळी दिलेल्या २२ जणांपैकी १६ जणांचा. ल्युपसमध्ये मूत्रपिंडाची हानी पुष्कळदा काहीही न दुखता होत जाते आणि ती लघवीच्या तपासणीतच कळते. ताई, तिची गोळी एक दिवसही चुकू देऊ नकोस.