दुखतंय तरी खेळवा? त्या ‘हिरा की काच’ मेसेजला उत्तर

‘मुलांना बास्केटबॉलला घालण्याआधी वाचा : तुमचं पोर हिरा की काच?’ असा एक लांबलचक मेसेज सध्या कोल्हापुरात पालकांच्या ग्रुपवर फिरतोय. मला तो ताईनं पाठवला. तिची मुलगी चौदा वर्षांखालच्या संघात खेळते, वर्षभरात भराभर उंच झालीय आणि हल्ली उडी मारून खाली आली की गुडघा धरते. मेसेजखाली ताईनं विचारलं होतं, ‘मग काय करू, खेळवू का बंद करू?’ कुणीतरी बसल्या जागी लिहिलेल्या मजकुरावरून एखाद्या आईनं हा निर्णय घ्यावा, हे मला सहन होत नाही. म्हणून हे उत्तर.

मेसेज म्हणतो, एकदा दुखापत झालेलं पोर म्हणजे काच, त्याच्यावर वेळ घालवू नका. दाखला अमेरिकन बास्केटबॉलपटू ग्रेग ओडेनचा. ओडेनची गोष्ट खरी आहे. एनबीए ही अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग. तिच्या 2007 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ आळीपाळीनं नवे खेळाडू निवडतात तिथं, पोर्टलंडच्या संघानं त्याला पहिल्या क्रमांकावर घेतलं, पहिला सामना खेळायच्या आतच त्याच्या उजव्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली आणि सगळे मिळून तो 105 साखळी सामने खेळला. पण त्याच ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर गेलेल्या केविन ड्युरंटला चाचणीत 84 किलोचा बार छातीवरून एकदाही ढकलता आला नव्हता. नाजूक म्हणायचं तर तोच होता. तो 2014 ला एमव्हीपी, म्हणजे हंगामातला सर्वोत्तम खेळाडू झाला आणि 2019 ला टाचेवरची शीर तुटूनही परत उतरला. घोट्याच्या दुखण्यानं 2011-12 च्या हंगामात एनबीएतलाच स्टीफन करी जेमतेम 26 सामने खेळला. त्याची चारही विजेतेपदं त्यानंतरची.

एक गोष्ट मान्य करावी लागते. आधी दुखापत झालेल्या खेळाडूला पुन्हा दुखापत होण्याचा धोका जास्त असतो. पायाच्या हाडाच्या फ्रॅक्चरमुळं पहिले दोन हंगाम बाहेर बसलेला जोएल एम्बीड 2023 ला एमव्हीपी झाला खरा, पण दुखण्यांनी त्याची पाठ काही सोडली नाही. म्हणून कोट्यवधी डॉलर लावणारे संघ गुणवत्ता एका पारड्यात आणि धोका दुसऱ्यात घालून बघतात, आणि तरीही चुकतात. तेरा वर्षांच्या पोरीला त्या तराजूत बसवायचं कारणच काय?

‘उंच मुलांची हाडं ठिसूळ असतात’ हे मेसेजमधलं वाक्य साफ चूक. उंची झपाट्यानं वाढते तेव्हा हाड आधी लांब होतं आणि त्याची भरीव मजबुती थोडी मागून येते. तेवढा काळ जपायचा असतो, बस्स.

‘मुलींचे गुडघे उड्यांसाठी नसतात’ या त्याच्या पुढच्या वाक्याला अर्ध्या सत्याचा आधार आहे. गुडघ्यातला एसीएल हा लिगामेंट, म्हणजे मांडीचं आणि नडगीचं हाड बांधून ठेवणारा पट्टा, मुलींमध्ये मुलांपेक्षा जास्त वेळा तुटतो. पण गुडघे वाकवून उतरणं, उतरताना ते आत न झुकू देणं, एका पायावर तोल, मांडीच्या मागच्या स्नायूंची ताकद, हे सरावाआधी पंधरा-वीस मिनिटं नियमित करून घेतलं की हा धोका जवळपास निम्म्यावर येतो. आपल्या तालमीत वस्ताद नव्या पोराला आधी जोर-बैठका मारायला लावतो, लगेच कुस्ती धरायला सोडत नाही. मैदानावर तेवढंच करायचं आहे. मुलींना घरी बसवायचं नाही.

आता ज्या मुद्द्यानं माझं डोकं फिरलं तो. ‘वाढत्या वयातलं दुखणं उंचीचं असतं. पट्टा बांधा, गोळी द्या आणि खेळवा. चॅम्पियन बसून राहत नाहीत.’ वर ज्यानं दुखापत झालेल्या पोराला काच म्हटलं, तोच इथं दुखापत कशी करायची ते शिकवतोय.

या वयात गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या हाडावर, जिथं मांडीच्या मोठ्या स्नायूचा ताण येतो, ती जागा अजून कूर्चेची आणि कच्ची असते. उड्यांवर उड्या झाल्या की ती ओढली जाते, सुजते, बोट लावलं तरी कळ येते. याला ऑस्गुड-श्लॅटर म्हणतात. वाढ पूर्ण झाली की बहुतेकांचं ते थांबतं, पण तोवर उड्या आणि पळणं कमी करावं लागतं. खेळ सोडावा लागतोच असं नाही. ताईला मी हेच सांगितलं : आधी अस्थिरोगतज्ज्ञाला दाखव, आणि ते हेच निघालं तर लेअप (पळत येऊन उडी मारून बास्केट करणं) बंद, उभ्यानं फ्री थ्रो (रेषेवरून बास्केटमध्ये चेंडू टाकणं) चालू.

पण प्रत्येक दुखणं हे नसतं. लंगडणं, सूज, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, पावलाच्या हाडावर एकाच ठिकाणी बोट ठेवून ‘इथंच’ असं पोरानं सांगणं, ही स्ट्रेस फ्रॅक्चरची (पुन्हा पुन्हा ताण पडून हाडाला गेलेल्या बारीक चिरेची) किंवा त्याहून गंभीर गोष्टीची खूण असू शकते. सुरुवातीला असं फ्रॅक्चर साध्या एक्स-रेत दिसतही नाही. त्यावर गोळी देऊन सामना खेळवणं म्हणजे पोराच्या शरीरानं दिलेली सूचना बंद करून टाकणं. शालेय स्पर्धा आणि दहावीचे क्रीडागुण डोक्यात असले की आपण मोठी माणसं हे सहज करतो.

चॅम्पियनांचाच हवाला द्यायचा तर खुद्द एनबीए आणि यूएसए बास्केटबॉल या अमेरिकेच्या बास्केटबॉल संघटनेनं मिळून 2016 ला काढलेल्या मुलांसाठीच्या मार्गदर्शक सूचना वाचा. 12 ते 14 वयाला आठवड्यात जास्तीत जास्त दोन सामने, दोन ते चार सराव, एक दिवस पूर्ण विश्रांती, सगळं धरून दहा तासांच्या आत. चौदा वर्षांच्या आत फक्त बास्केटबॉल एके बास्केटबॉल करू नका, हेही त्यातच आहे, त्यामुळं मेसेजमधला ‘सातव्या वर्षापासून बारा महिने एकच खेळ’ हा सल्ला तिथंच निकालात निघतो. आता आपल्या पोरांचे तास मोजा. शाळेआधी सराव, संध्याकाळी क्लबवर पुन्हा सराव, रविवारी सामने, आणि बाद फेरीत एका दिवसात दोन-दोन.

शेवटी मेसेज बाराव्या वर्षी एमआरआय काढून ‘हिरा की काच’ ठरवायला सांगतो. काहीही न दुखणाऱ्या खेळाडूंच्या एमआरआयमध्येही कितीतरी गोष्टी सापडतात, आणि पुढं कोण जायबंदी होणार हे त्यावरून कळत नाही. त्याच पैशात फिजिओथेरपिस्टकडं काही वेळा जाऊन पोरगी उडीवरून कशी उतरते ते नीट तपासून घेता येतं, आणि त्यात दोष निघाला तर तो सुधारताही येतो.