सुपरग्लू हा बेस कोट नव्हे

“ही युक्ती पार्लरवाले कधीच सांगणार नाहीत, नेलपॉलिश पंधरा दिवस हलणार नाही” असा एक मेसेज सध्या फिरतोय. माझ्याकडे आला तेव्हा मी सोडून दिला होता. पण परवा भाचीने फोन करून विचारलं, “मावशी, सुपरग्लू कापसाने लावू की ब्रशने?” आता गप्प बसणं शक्य नाही.

मेसेजचा पहिला मुद्दाच हा: सुपरग्लूचा पातळ थर कापसाच्या बोळ्याने नखावर पसरवा, वर रंग लावा. अहो, सुपरग्लू म्हणजे सायनोअ‍ॅक्रिलेट. ओलावा मिळाला की ते घट्ट होतं आणि घट्ट होताना उष्णता सोडतं. एखादा थेंब असेल तर जाणवतही नाही. कापसात जिरलं तर मात्र बारीक तंतूंवर पसरून सगळंच्या सगळं एकदम घट्ट होतं, बोळा चटका बसण्याइतका तापतो, कधी चक्क धूर निघतो. वर तो बोटाला चिकटलेला असतो, म्हणजे झटकूनही टाकता येत नाही. या गोंदाच्या सुरक्षा-पत्रकात कापूस आणि कापडाबद्दलचा इशारा असतो, तो तरी वाचा.

“पण नकली नखं चिकटवायचा गोंदही तोच ना?” हो, त्याच कुळातला आहे, एवढं मान्य. कापसाशी तोही तसाच वागतो. आणि मेसेजमध्ये हा थर काढायचा कसा, याबद्दल चकार शब्द नाही. लोक तो खरवडतात आणि त्याबरोबर नखाचे पापुद्रे निघतात. हाताचं नख महिन्याला जेमतेम 3 मिलिमीटर वाढतं, त्यामुळे मुळापासून नवं यायला सहा महिने धरा.

दुसरा मुद्दा, क्युटिकल, म्हणजे नखाच्या बुडाशी असलेली पातळ कातडी, मुळापासून कापा. का? नखाच्या बुडाशी जंतू शिरू नयेत म्हणून असलेली ती सील आहे. अमेरिकन अकॅडमी ऑफ डर्मटॉलॉजी, म्हणजे त्वचारोगतज्ज्ञांची संघटना, क्युटिकल कापू नका असं स्पष्ट सांगते. रंग त्यावर चढू देऊ नका, बास.

लावण्याआधी हात गरम पाण्यात बुडवा म्हणे. नख पाणी पितं आणि किंचित फुगतं. त्यावर रंग लावला की नख वाळून पूर्ववत होताना रंगाची पकड सुटते. टवके उडतात ते यानेच.

मेसेजमध्ये म्हटलंय तसा बर्फाच्या पाण्याने रंग “पक्का” होत नाही. नेलपॉलिश वाळते ती त्यातला द्रावक उडून गेल्यावर, आणि थंडीत तो उलट सावकाश उडतो. वरून कडक लागतं, आत ओलंच असतं.

व्हिनेगरने नख पुसण्याचा मुद्दा तेवढा अर्धा खरा आहे. नखावरचा तेलकटपणा गेला की रंग नीट धरतो. पण ते काम रिमूव्हरचा एक हात फिरवून होतं, आणि रिमूव्हर घरात असतोच.

भाचीला जे सांगितलं ते इथेही लिहिते. कोरड्या नखावर बेस कोट, मग रंगाचे दोन पातळ हात, मध्ये वाळायला वेळ, वर टॉप कोट. प्रत्येक वेळी ब्रश नखाच्या टोकाच्या कडेवरूनही फिरवायचा, कारण रंग तिथूनच उठायला लागतो. दोन-तीन दिवसांनी टॉप कोटचा आणखी एक हात. भांडी घासताना हातमोजे. बाटलीतला रंग घट्ट झाला तर नेलपॉलिशच्या थिनरचे दोन थेंब घालायचे, रिमूव्हर ओतायचा नाही. आणि पंधरा दिवस टिकण्याची हमी मी देत नाही.