विंडोज उघडते, म्हणजे डिस्क चांगली?

नव्या लॅपटॉपची हार्ड डिस्क वर्षाच्या आत बिघडणे ही काही आकाश कोसळावे अशी घटना नव्हे. मिनिटाला ५४०० फेरे घेणाऱ्या तबकड्या आणि त्यांच्यापासून काही नॅनोमीटर अंतरावर तरंगणारे, माहिती वाचणारे-लिहिणारे हेड अशी ज्या वस्तूची रचना आहे, तिचे काही नग दुर्बळ निघणार आणि लवकर दगावणार, हे बनवणाऱ्यालाही ठाऊक असते. म्हणूनच तो वॉरंटी देतो. संताप येतो तो पुढच्या प्रकाराचा. डिस्क स्वतःच्या तोंडाने आपण मरत असल्याचे सांगत असते आणि तिचे ऐकायचेच नाही, असा सर्व्हिस सेंटरने जणू पण केलेला असतो.

लॅपटॉप म्हापशातील एका दुकानातून घेतलेला. एक टेराबाइटची फिरती डिस्क असलेले मॉडेल मी मुद्दाम निवडले, कारण डिचोली तालुक्यातील आमच्या गावी जत्रेला होणाऱ्या नाटकांची चित्रीकरणे आणि जुन्या हस्तलिखित संहितांची स्कॅन केलेली पाने साठवायची, तर जागा भरपूर लागते. पावसाळ्याच्या तोंडावर फाइल उघडताना यंत्र मध्येच थिजू लागले आणि आतून टक्-टक् असा बारीक आवाज येऊ लागला. हार्ड डिस्क आपल्या प्रकृतीची नोंद स्वतःच ठेवत असते. त्या व्यवस्थेला ‘स्मार्ट’ म्हणतात आणि ती नोंद वाचणारी सॉफ्टवेअर फुकट मिळतात. त्यातील दोन आकडे महत्त्वाचे आहेत. ‘रिअलोकेटेड सेक्टर’ म्हणजे खराब झाल्यामुळे राखीव जागेत हलवलेले भाग, आणि ‘करंट पेंडिंग सेक्टर’ म्हणजे वाचता न आल्यामुळे निकालाची वाट पाहत पडलेले भाग. नव्या डिस्कवर हे दोन्ही शून्य असायला हवेत. माझ्या डिस्कवर दोन्ही वाढतच चालले होते.

हे आकडे माझ्या कल्पनेतील भुते नव्हेत. गूगलच्या अभियंत्यांनी आपल्याकडील एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध केला. पहिला सेक्टर असा हलवला गेल्यानंतरच्या ६० दिवसांत डिस्क बंद पडण्याची शक्यता १४ पट, आणि पेंडिंगची पहिली नोंद झाल्यानंतर १६ पट असते, असे त्यात आढळले. त्याच अभ्यासात बंद पडलेल्या निम्म्याहून अधिक डिस्कांनी अशी कोणतीही ठळक पूर्वसूचना दिली नव्हती, हेही दिसून आले. म्हणजे सूचना मिळणे हेच मुळात नशीब. आणि ती मिळूनही काउंटरपलीकडच्या माणसाने ती कागदासकट बाजूला सारायची!

सर्व्हिस सेंटर पणजीत. भर पावसात लॅपटॉप पोटाशी धरून कदंबच्या बसने तिथवर गेल्यावर तपासणी म्हणून काय झाले, तर यंत्र चालू करण्यात आले, पडद्यावर विंडोज आले आणि “सर, डिस्क चांगली आहे, विंडोज उघडतंय ना?” असा निकाल मिळाला. मी छापून नेलेले आकडे दाखवले, तेव्हा “हे बाहेरचं सॉफ्टवेअर आहे, कंपनी ते मानत नाही,” असे उत्तर आले. अहो, सॉफ्टवेअर बाहेरचे असले तरी आकडे डिस्कच्या आतले आहेत. ते त्या सॉफ्टवेअरने रचलेले नाहीत, फक्त वाचून दाखवले आहेत. त्या मुलावर माझा राग नाही. त्याला जे मानायचे आणि जे मानायचे नाही, ते वरून ठरवून दिलेले आहे.

त्यानंतर जे सुचवले गेले, ते ऐकून मात्र माझे डोके फिरले. “फॉरमॅट करून बघू.” पूर्ण फॉरमॅटमध्ये सगळ्या डिस्कवर नव्याने लेखन होते, तेव्हा पेंडिंग भागांचा परस्पर निकाल लागतो: ज्यांच्यावर लिहिता आले ते यादीतून सुटतात, ज्यांच्यावर आले नाही ते राखीव जागेत हलवले जातात, आणि पेंडिंगचा आकडा पुन्हा शून्यावर येतो. डिस्क तसूभरही बरी होत नाही, पुरावा मात्र निम्मा पुसला जातो. माझ्या बाबतीत नेमके हेच झाले. लॅपटॉप ‘दुरुस्त’ होऊन परत आला, रिअलोकेटेडचा आकडा आधीपेक्षा मोठा झाला होता, आणि गणेश चतुर्थीची गडबड संपते न संपते तोच तीच टक्-टक् पुन्हा सुरू झाली. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात नारळ नासका निघाला, तर विकणारी बाई कुरकुरते, पण दुसरा देते. करवंटी धुऊन तोच नारळ पुन्हा हातात ठेवत नाही.

दुसऱ्या खेपेस दोष गोव्याच्या हवेवर ढकलण्यात आला. “इथे दमटपणा फार, सर.” हार्ड डिस्कला हवेचा दाब समान राखण्यासाठी गाळणी बसवलेले बारीक छिद्र असते हे खरे, पण दव धरत नसेल, तर चालू स्थितीत ९० टक्क्यांच्या आसपासची आर्द्रता चालते, असे डिस्क बनवणाऱ्यांच्याच माहितीपत्रकांत सामान्यतः छापलेले असते. आणि हवा हाच दोष असेल, तर पेडण्यापासून काणकोणपर्यंत एकही लॅपटॉप विकण्याचा यांना अधिकार नाही. मग विजेच्या चढउताराचे कारण पुढे आले. लॅपटॉपला बॅटरी असते, हे त्याच कंपनीच्या माणसाला मी सांगायचे!

“बॅकअप घेतला होता ना?” हा प्रश्न मला सर्वांत जास्त झोंबला. होय, घेतला होता, आणि दोन ठिकाणी घेतला होता. पण वॉरंटी डिस्कची आहे. माझ्या शिस्तीची परीक्षा घेण्याचे हे स्थान नव्हे. उलट, बॅकअप असूनही एक चिंता उरतेच. बदललेली डिस्क कंपनी स्वतःकडे ठेवते. तिच्यात माझ्या आधार कार्डाची प्रत आहे, बँकेची कागदपत्रे आहेत, आणि जी डिस्क नीट लिहूच शकत नाही, ती खात्रीने पुसताही येत नाही. ती कुठे जाईल, कोण उघडेल, याचा एक ओळीचाही लेखी हवाला मिळत नाही. काही कंपन्या बिघडलेली डिस्क ग्राहकाकडेच राहू देण्याची सवलत वेगळे पैसे घेऊन विकतात. म्हणजे धोका त्यांनाही पुरता ठाऊक आहे.

अखेर डिस्क बदलून मिळाली. घरी येऊन तिचीही नोंद वाचली, तर ‘पॉवर ऑन अवर्स’च्या, म्हणजे डिस्क आजवर किती तास चालली याच्या रकान्यात चार हजारांहून अधिक तास. हप्ते मी नव्या लॅपटॉपचे भरतो आहे आणि आत बसवली आहे ती कोणीतरी वापरून टाकलेली डिस्क. वॉरंटीच्या बारीक अक्षरांत ‘नवीन किंवा नूतनीकृत’ असे शब्द आहेत, असे सांगण्यात आले. तिची वॉरंटीही आजपासून नव्हे, मूळ खरेदीपासून मोजायची. म्हणजे लॅपटॉप सर्व्हिस सेंटरात पडून होता, ते दिवसही माझ्याच खात्यातून वजा.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीबाबत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करायला शुल्क लागत नाही, आणि दोष उघड होण्यासाठी चाचणीची गरज असेल, तर आयोग वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. मी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. त्यावर कंपनीने ‘समस्या सोडवण्यात आली’ असे कळवून आपल्यापुरता विषय मिटवला. आता उत्तर गोवा आयोगासाठी अर्ज तयार आहे. फॉरमॅटच्या आधीचे आणि नंतरचे आकडे तारखेसह जोडले आहेत, आणि मागण्या तीन आहेत: न वापरलेली डिस्क, ती बसवल्याच्या दिवसापासून मोजलेली वॉरंटी, आणि माझी जुनी डिस्क परत, बिघडलेली आहे तशीच.