पाचेक डॉलरची चोरी, दहा वर्षं सक्तमजुरी

'आय अ‍ॅम अ फ्युजिटिव्ह फ्रॉम अ चेन गँग' (१९३२) तुरुंगपट म्हणून गाजला. चेन गँग म्हणजे बेड्या घालून राबवल्या जाणाऱ्या कैद्यांची टोळी. पण दिग्दर्शक मर्व्हिन लरॉयची खरी करामत नायकाच्या पायात बेड्या पडण्याआधीच दिसते.

पहिल्या महायुद्धातून परतलेल्या जेम्स अ‍ॅलनला (पॉल म्युनी) पूल, रस्ते बांधायचेत. घरचे त्याला परत बुटांच्या कारखान्यातल्या कारकुनीला जुंपतात. ती सोडून तो कामासाठी गावोगाव वणवण करतो. शेवटी पदक गहाण टाकायला जातो, तर दुकानदार तसल्याच पदकांचा ढीग दाखवतो. बस्स. भाषणबाजी नाही. १९३२ च्या प्रेक्षकाला ती लागणारही नव्हती. त्याच जुलैत, महायुद्धातल्या सेवेचा बोनस मागायला वॉशिंग्टनमध्ये जमलेल्या माजी सैनिकांना जनरल मॅकआर्थरच्या फौजेनं अश्रुधूर सोडून हुसकावलं होतं. बोनसचा कायदा १९२४ चा, पैसे मिळणार १९४५ मध्ये!

आता गुन्हा. बरोबरचा माणूस हॅम्बर्गर खायला नेतो, तिथं पिस्तूल काढतो आणि गल्ला अ‍ॅलनला रिकामा करायला लावतो. पाचेक डॉलर. युद्धानं माणूस हिंसक होतो, ही पळवाट पटकथा घेत नाही. हा फक्त भुकेला असतो. ज्याच्या आत्मचरित्रावर सिनेमा बेतलाय त्या रॉबर्ट बर्न्सची १९२२ ची अटलांटातली लूटही सहा डॉलरच्या आतली. पुस्तकाच्या नावात 'जॉर्जिया' होतं, सिनेमाच्या नावातून ते गाळलं. भित्रेपणाच म्हणायचा, पण राज्य कुठलं ते कोणाला कळायचं राहिलं नाही.

पलायनाचा प्रसंग मात्र नीट बघा. बेडीचं कडं घोट्याला घट्ट, टाच निघत नाही. म्हणून सेबॅस्टियन हा कृष्णवर्णीय कैदी घणाचे घाव घालून गोल कडं लांबट करतो. घाव जरा चुकला तर नडगी गेली, आणि ओरडलं तर पहारेकरी हजर. घाव बेताचेच हवेत, कारण कडं फार चेपलं तर तपासणीत दिसणार. मग लघवीच्या निमित्तानं झुडपाआड जायचं, कडं काढायचं, पळायचं. मागे कुत्री. पाण्याखाली पोकळ बोरूनं श्वास.

मधली शिकागोतली प्रेमकथा रटाळ आहे. पण अ‍ॅलनला ब्लॅकमेल करणारी बायको फिल्मी वाटत असेल, तर बर्न्सलाही १९२९ मध्ये त्याच्या बायकोनंच पकडून दिलं होतं. स्वतःहून परतलास तर लवकर सोडू, हा सरकारचा शब्द पडद्यावर मोडला, तसाच प्रत्यक्षातही. बर्न्सची शिक्षा कमी व्हायला १९४५ उजाडलं.